झालरवाले दिसेनात

३ मार्च, सोमवार

टाकीच्या जिन्याला आज कठडा बसला. माझा पाय मोडल्यावर! पंधरवडा घरी काढून कुबडी घेऊन कामावर गेले, तर वेल्डर शेवटचा टाका मारत होता आणि साहेब शेजारी उभे. म्हणाले, "बघा, खास तुमच्यासाठी." म्हटलं, उपकार झाले. आता दुसऱ्या पायाची काळजी मिटली.

टाकीचा उभा जिना चढायला अजून दोन आठवडे बंदी; घरचा पायरीपायरीवर बसत चढते. म्हणजे सांडपाण्याच्या टाकीवरून रोज सकाळी मी नमुने आणायचे, ते आता नवीन मावशी आणणार. सफाईकडून बदलून आल्यात. बाई व्यवस्थित. मी आणायचे तेव्हा अर्ध्यामुर्ध्या बाटल्या, बाहेरून ओघळ, चिकट हात. यांनी बाटल्या पुसून, झाकणं घट्ट लावून, ओळीने मांडून ठेवल्या होत्या. जे सांगाल ते दोनदा ऐकून घेतात आणि सांगितलं तसंच करतात. असं माणूस आमच्याकडे मिळणं म्हणजे नवलच.

सकाळ मीटिंगमध्ये गेली. जेवणाआधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मावशी मागे उभ्या. "काय बघता हो त्या थेंबात?" त्यांना म्हटलं, आख्ख्या गावाचं सांडपाणी त्या मोठ्या टाकीत येतं, आपण खालून हवा सोडतो, आणि टाकीतले जिवाणू घाण खाऊन टाकतात. जिवाणूंना खाणारे आणखी दोन प्रकारचे जीव असतात. एक झालरवाले. तोंडाभोवती किंवा अंगभर बारीक केसांची झालर, ती हलवत राहायची, पाणी तोंडाशी ओढायचं, सापडेल ते गिळायचं. यांच्यामुळे पाणी नितळ होतं. दुसरे शेपटीवाले. एखाददुसरी लांब शेपूट, ती वळवळवत फिरायचं. यांना घाण मानवते. टाकी नवीन असेल किंवा आजारी असेल तेव्हा यांचं राज्य.

"मग आज कोण आहे?" मावशी म्हणाल्या.

मी काच सरकवत राहिले. एकही झालरवाला नाही. दुसरा थेंब घेतला, तिसरा घेतला. देठावर उभे राहणारे घंटेसारखे असतात ना, त्यांचे नुसते देठ. वर काही नाही. आणि मधून शेपटीवाले सुळसुळतायत.

मी सुट्टीवर जाण्याआधी टाकी झालरवाल्यांनी खच्चून भरलेली होती.


४ मार्च

आजही तेच. देठ आणि शेपट्या.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाहेर जाणारं पाणी स्वच्छ आहे. सगळे आकडे बरोबर आहेत. तुमचे किडे रुसले असतील, पंधरा दिवस बाई दिसल्या नाहीत म्हणून." स्वतःच हसले.

म्हटलं, साहेब, आकडे मागाहून बोलतात. विष आलं की आधी झालरवाले जातात. ते गेल्यावर टाकी दोन-चार दिवस जुन्या पुण्याईवर चालते, मग पाणी गढूळतं, आणि ते गढूळ पाणी आपण नदीत सोडतो. खालच्या गावाच्या पिण्याच्या पाण्याची विहीर त्याच नदीत आहे.

हसणं थांबलं. "विष म्हणजे कसलं?"

"धातूचं असू शकतं."

बोलले आणि जीभ चावली. धातूचं पाणी या गावात सोडणार कोण? नळांना, कड्यांना, दाराच्या मुठींना चकचकीत मुलामा देणारे कारखाने. आमच्या टाकीला येणाऱ्या गटाराच्या लायनीवर ते तीनच आहेत. त्यातला एक आमच्या घरामागे, दादाचा.


५ मार्च

शेपटीवाले कालच्यापेक्षा जास्त. झालरवाला एक दिसला, गोळा होऊन पडलेला. हलत नव्हता.


६ मार्च, गुरुवार

भाची पुस्तक घेऊन वर आली. खाली दादा-वहिनी राहतात, वर मी, आणि परीक्षा जवळ आली की ही मधल्या जिन्यात राहते. "आत्या, पक्ष्माभिका व कशाभिका यांतील फरक स्पष्ट करा. आणि मला हे उच्चारताच येत नाही, स्पष्ट काय करू?"

जगातल्या सगळ्या प्रश्नांमधून हाच सापडला पोरीला!

म्हटलं, घाबरू नको. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस, कशा म्हणजे चाबूक. पापणीचे केस कसे असतात? आखूड, पुष्कळ, ओळीने. चाबूक असतो एक, फार तर दोन, आणि लांब. निम्मं उत्तर झालं. मग तिला उभं केलं. पोहताना मारतेस तसा हात मार. पाणी मागे ढकलताना हात ताठ. परत आणताना कोपरात दुमडून, अंगाजवळून. पक्ष्माभिका अशी हलते, वल्ह्यासारखी, जाताना ताठ आणि येताना वाकून. आणि शेजारणी एकदम हलत नाहीत, एकीमागून एक हलतात, म्हणून झालरीवरून लाट गेल्यासारखी दिसते.

"आणि चाबूक?"

कपडे वाळत घालायची दोरी खिडकीपाशी होती. एक टोक हातात धरून तिला झटके दिले. लाट हातापासून निघते, टोकापर्यंत जाते, तिच्यामागून दुसरी निघते. कशाभिका अशी. ती आख्ख्या पेशीला पुढे रेटते. पक्ष्माभिका पेशीला रेटते, नाहीतर पेशी जागची हलणारी नसेल तर पाण्यालाच रेटते. तुझ्या श्वासनलिकेत आत्ता हेच चाललंय. धूळ चिकटलेला कफ त्या वर वर सरकवतायत. कशाभिकेचं माणसातलं उदाहरण शुक्राणूची शेपूट. त्यावर बाईसाहेब लाजल्या. म्हटलं, लाजून गुण मिळत नाहीत, लिही.

"आणि आतून?"

आतून दोघी सारख्याच. कडेने बारीक नळ्यांच्या नऊ जोड्या, मधोमध दोन नळ्या. एक जोडी शेजारच्या जोडीला धरून सरकते, सगळ्या बुडाशी बांधलेल्या असतात, म्हणून सरकण्याऐवजी वाकतात. आडव्या छेदाचा फोटो नुसता समोर ठेवला तर कोणती कोणाची ते मलाही सांगता येणार नाही. जिवाणूंच्या कशाभिकेचं मात्र वेगळं लिही. तिच्यात या नळ्याच नसतात, ती वाकत नाही, बुडाशी मोटर असल्यासारखी गरगर फिरते. नावापुरतीच बहीण.

"आतून सारख्याच, तर फरक कसला विचारतात?"

"किती आहेत, केवढ्या आहेत, आणि कशा वागतात. आत शिरून बघायची सोय प्रत्येक वेळी नसते, वागण्यावरूनच ओळखायचं," मी म्हटलं. हातात अजून दोरी होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. खाली कारखान्याचं अंगण. पत्र्याच्या भिंतीला लागून निळी पिंपं असायची, वापरून झालेल्या मुलाम्याच्या पाण्याने भरलेली. ते पाणी गटारात सोडायचं नसतं, टँकर येऊन घेऊन जातो. मी पडले त्या दिवशी पिंपांची रांग फाटकापर्यंत आली होती.

आज पिंपं पालथी घातलेली. सगळी रिकामी.

भाचीला म्हटलं, बाकीचं उद्या. ती म्हणाली, उद्या काय, झालं की सगळं.


७ मार्च

जेवताना विचारलं. सहज विचारल्यासारखं. "दादा, पिंपं गेली वाटतं?"

"गेली ना. टँकर आला होता. तू दवाखान्यात होतीस तेव्हा." आणि वहिनीकडे बघून, "भाजी वाढ तिला, हाडं भरायची आहेत तिची."

झालं. किती साधं. मीच खुळी. वर येऊन शांत झोपेन म्हटलं तर कसली झोप!


८ मार्च, शनिवार

सकाळी फाटकाशी शेजारचा गिलीटवाला भेटला. त्याचाही मुलाम्याचाच कारखाना, दादाच्या निम्म्याने. पायाची चौकशी केली आणि नेहमीचं रडगाणं सुरू. "टँकरवाल्याने दिवाळं काढलं आमचं. दोन महिने झाले फिरकला नाही. माझी पिंपं बघा, आता झोपायच्या खोलीत ठेवायची बाकी आहेत."

मी म्हटलं, दादाकडे आला होता की.

तो थांबला. मग म्हणाला, "हो का? मला कसा दिसला नाही?" आणि एकदम पायाबद्दल बोलायला लागला. शहाणा माणूस.

दुपारी दादाला कारखान्यात गाठलं. तो नळाच्या तोट्या तारेला लटकवत होता. मशीनचा आवाज, नाकात तो आंबट वास. मी सरळच विचारलं. टँकर आला होता की नाही?

"सांगितलं ना आला होता म्हणून."

"शेजाऱ्याला दिसला नाही."

"त्याला स्वतःचं नाक दिसत नाही. तुला झालंय काय?"

मग सांगितलं सगळं. टाकी, झालरवाले, खालच्या गावाची विहीर. तो हात पुसत ऐकत राहिला. मध्ये एकदा विचारलं, "सगळेच मेले?" मी हो म्हटलं. तोंड उतरलं त्याचं. मला वाटलं, माझ्यासाठी.

"आईची शपथ. मी गटारात थेंब सोडलेला नाही."

आईची शपथ दादा उठसूट घेत नाही. वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, तो जेमतेम विशीचा. याच तोट्या लटकवून त्याने मला शिकवलं. मी ज्या सूक्ष्मदर्शकातून बघते ते बघायला शिकले त्याच्या जिवावर. आणि मी त्याला चोरासारखं उभं करून विचारते!

पण पिंपं रिकामी आहेत. आणि टँकर शेजाऱ्याला दिसला नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.


९ मार्च

रविवार. खाली गेले नाही. पाय दुखतो म्हणून सांगितलं. भाची ताट घेऊन वर आली आणि उभ्या उभ्या नऊ जोड्या आणि दोन नळ्या म्हणून दाखवलं. एकही चूक नाही.


१० मार्च, सोमवार

बाहेरचं पाणी गढूळ आलं.

मावशींनी बाटली समोर ठेवली आणि मला बघूनच कळलं. भयंकर नाही, पण कालपर्यंत आरपार दिसायचं, आज नाही. थेंबात झालरवाले नाहीतच. साहेब धावत आले. बाटली उजेडात धरून बघत राहिले. आज किडे रुसले म्हणाले नाहीत.

"तुम्ही सांगत होता तेच झालं," म्हणाले. माझ्यावर विश्वास बसला याचा मला आनंद व्हायला हवा होता.

"प्रदूषणवाल्यांना बोलवावं लागेल. कुठून येतंय याचा काही अंदाज?"

मी म्हटलं, उद्या सांगते.

"बाई, खालच्या गावात लोक ते पाणी पितात. उद्या म्हणजे?"

बरोबर आहे त्यांचं. काय म्हणू शकत होते मी? माझ्या भावाचा कारखाना आहे, एक दिवस थांबा, तोवर पिऊ द्या त्यांना?

संध्याकाळी दादाकडे पुन्हा गेले. म्हटलं, काही असेल तर आत्ता सांग. तू आपण होऊन सांगितलंस तर मी साहेबांशी बोलेन, दंडावर भागेल. त्याने वरही बघितलं नाही. "एकदा शपथ घेतली. किती वेळा घेऊ?"


११ मार्च

सही केली. 'मुलामा कारखान्यातील धातुयुक्त सांडपाण्यामुळे टाकीतील सूक्ष्मजीव नष्ट.' खाली माझं नाव, हुद्दा. तीन कारखान्यांचे पत्ते मी तोंडी सांगितले. दादाचा शेवटी सांगितला. साहेब लिहून घेता घेता थांबले, आडनाव ऐकून. मग पत्ता पुरा केला.


१२ मार्च, बुधवार

प्रदूषणवाले आले. बाकी दोघांकडे पिंपं भरलेली होती, टँकर येत नाही म्हणून त्यांनी उलट तक्रारच ऐकवली. दादाकडे रिकामी. टँकर केव्हा आला, कोण होता, हे त्याला धड सांगता येईना. दाराला सील ठोकलं. बाहेरच्या चेंबरमधला गाळ एका बरणीत भरून, वर चिठ्ठी लावून, तपासणीसाठी आमच्याच प्रयोगशाळेत ठेवायला दिला. म्हणजे माझ्याच कपाटात. मोठ्या तपासणीला पाठवायला आठवडा लागेल म्हणे.

मी कामावर होते, बघितलं नाही. वहिनीकडून ऐकलं. एरवी मी तिला ताई. आज "वन्सं" झाले. "वन्सं, घरातलं माणूस ओळखायला भिंग लागतं का हो?"

तिने दार लावून घेतलं.


१५ मार्च

खालून माणसांचे आवाजच येत नाहीत. दादा दिवसभर पायरीवर बसतो. कामगार येतात, सील बघतात, जातात. भाचीने पुस्तकात ठेवलेली माझी पेन्सिल जिन्यावर आणून ठेवली. हाक मारली नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. मी चूक केली नाही, हे स्वतःला दहा वेळा सांगितलं. खालच्या गावातही कोणाच्या भाच्या आहेत. हेही सांगितलं. तरी जेवण जात नाही.

बाहेरचं पाणी परत नितळ झालंय. साहेब म्हणतात, "बघा, कारखाना बंद केला आणि फरक पडला." पण झालरवाले अजून नाहीत. आज चौथा दिवस. विष थांबलं असेल तर एखादा तरी परत यायला हवा होता.


१७ मार्च

प्लास्टर काढलं. पाय वाळक्या लाकडासारखा झालाय. डॉक्टर म्हणाले, जिना चढा, पण कठडा धरून. म्हटलं, कठडा आहे आता.


१८ मार्च, मंगळवार

सकाळी स्वतः टाकीवर गेले. किती दिवसांनी! खालून हवा उसळतेय, तपकिरी पाणी घुसळतंय, आणि वास – आंबट नाही, कुजका नाही, ओल्या मातीचा. निरोगी टाकीचा वास. तिथेच काहीतरी खटकलं. मेलेल्या टाकीला असा वास येत नाही.

बाटली बुडवली, अर्धी भरली, झाकण न लावता तशीच घेऊन लंगडत प्रयोगशाळेत आले आणि सरळ थेंब काचेवर.

झालरवाले! घोसच्या घोस. देठावर उभे, तोंडाभोवतीची झालर भिरभिर फिरतेय, कण गरगरत आत ओढले जातायत, एखादा दचकून देठ स्प्रिंगसारखा आखडून घेतोय आणि पुन्हा सावकाश उभा राहतोय. अंगभर केसवाले गाळावरून चालतायत. शेपटीवाला शोधावा लागला.

मला आधी वाटलं, एका रात्रीत परत आले. मग शेजारी मावशींची आजची बाटली दिसली. पुसलेली. झाकण घट्ट. तोंडापर्यंत भरलेली, काठोकाठ. आत हवेचा एक बुडबुडा नाही.

मावशींना विचारलं, ही अशी का भरता? त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं ना. बुडबुडा राहिला तर नमुना वाया. काठोकाठ भरायची आणि झाकण दाबून लावायचं."

सांगितलं होतं. पाण्यातल्या प्राणवायूच्या चाचणीच्या बाटल्यांबद्दल सांगितलं होतं. त्यांत बुडबुडा चालत नाही. गाळाच्या बाटलीचं बरोबर उलटं असतं. ती अर्धी रिकामी ठेवायची, झाकण सैल, कारण आतल्या जिवांना श्वास घ्यायचा असतो. हे सांगायला हवं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी ती बाटली आजवर अर्धीच भरत आले, विचार न करता. काठोकाठ बाटलीत तो भुकेला गाळ काही मिनिटांत सगळा प्राणवायू संपवतो. मावशी सकाळी आठला भरायच्या, मी बघायचे जेवणाच्या वेळी. तोवर झालरवाले गुदमरून जायचे, देठ सोडायचे, गोळा होऊन पडायचे. शेपटीवाले तगायचे. त्यांना तसंही चालतं.

खात्री करायला दोन्ही बाटल्या बाजूला ठेवल्या. माझी अर्धी, त्यांची काठोकाठ. दुपारी बघितलं. माझ्या बाटलीत झालर फिरतेय. त्यांच्यात देठ.

आणि दहा तारखेचं गढूळ पाणी? फिटरला विचारलं. "पुढच्या, निवळणीच्या टाकीत गाळ ओढायचा दांडा अडकला होता त्या दिवशी, गाळ बाहेरच्या पाण्यात आला. मी सोडवला, साहेबांना सांगायचं राहिलं." कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ.

टाकीला काही झालंच नव्हतं. मी रोज एका बाटलीत खून बघत होते आणि माझ्या भावाला पकडून दिलं. त्याने आईची शपथ घेतली आणि मी ती उडवून लावली. टँकर आलाच असेल. शेजारी झोपला असेल. कशावरून नसेल आला?

मावशी रडायला लागल्या. म्हटलं, तुम्ही कशाला रडता, सांगणारीने चुकीचं सांगितलं. आणि मग मीच.


१९ मार्च

साहेबांना सगळं सांगितलं. बाटल्या समोर ठेवून. त्यांनी दोन्हींत डोळा लावला. मग खुर्चीत टेकले. "मी वर काय तोंड दाखवू?" वरचे काय म्हणतील, खुलासा, चौकशी, कदाचित माझी प्रयोगशाळाही दुसऱ्याकडे. त्यांचा राग रास्त आहे. एरवी मी उलट बोलले असते. आज नाही.

अहवाल मागे घेते असं लिहून सही केली. कारण स्पष्ट लिहिलं, माझी चूक, मावशींची नाही. त्यांचं नावही घातलं नाही.

प्रदूषणवाल्यांचा माणूस दुपारी आला. वाचून म्हणाला, म्हणजे टाकी ठीक, तक्रार नाही, आम्ही सील काढतो. कपाटातली बरणी दाखवून विचारलं, "या गाळाचं काय करायचं? पाठवायचा तपासायला?"

साहेब म्हणाले, बाईंना विचारा.

मी म्हटलं, "आता काय तपासायचंय? टाकून द्या." बरणी मीच त्याच्या हातात दिली. त्याने बाहेर जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.


२० मार्च

सील निघालं. दादा पायरीवर होता. त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं. माझी चूक, माझी बाटली, टाकी पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती, एकही झालरवाला मेला नव्हता. मला माफ कर.

तो फाटकाकडे एकदा बघून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, "म्हणजे मी ते सगळं गटारात सोडलं, त्याने काहीच झालं नाही?"